शेरे ‘कॉस्टिक’ आहेत, म्हणजे कसे आहेत?

पत्र : मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. लेखकांच्या हस्तलिखितांवर समासात शेरे लिहिणं हा कामाचा मोठा भाग. यंदाच्या मूल्यमापनात वरिष्ठांनी माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली : ‘काम अचूक, पण शेरे कॉस्टिक.’ मला कॉस्टिक सोडा तेवढा ठाऊक. शब्दकोश उघडला तर ‘दाहक, क्षरणकारी, बोचरा, उपरोधिक’ असे चार अर्थ निघाले आणि गोंधळ वाढला. सोड्याचा आणि बोलण्याचा संबंध काय? हा शब्द आला कुठून? बोचरं, उपरोधिक आणि कॉस्टिक हे सगळं एकच का? इंग्रजी परीक्षणांत हा शब्द कौतुकानेही वापरलेला दिसतो. मग मी तो शाबासकी समजू की ताशेरा? नमुन्याला माझे तीन शेरे देते. पहिला : ‘हा परिच्छेद तीनदा वाचला. तिन्ही वेळा त्यात काही सापडलं नाही.’ दुसरा : ‘पुन्हा तेच!’ तिसरा : ‘सन चुकला आहे. मागच्या पानावर १८५६ आहे, इथे १८६५.’ पहिला शेरा ज्या नव्या लेखकाला गेला, त्याने पुढचं प्रकरण अजून पाठवलेलं नाही. वरिष्ठांना काय उत्तर देऊ?

उत्तर : तुमचे तीनही शेरे नीट वाचले. वरिष्ठांचा शब्द पहिल्या शेऱ्याला तंतोतंत लागू पडतो, दुसऱ्याला अर्धामुर्धा, आणि तिसऱ्याला मुळीच नाही. असं का म्हणते ते कळायला शब्दाच्या मुळाशी जावं लागेल. तुम्ही ते विचारलंत याचा मला आनंद झाला. स्वतःवर आलेला शब्द आधी समजून घ्यावा असं फार थोड्यांना वाटतं. बहुतेक जण तो ऐकताक्षणीच रुसतात.

ग्रीक भाषेत ‘काइएन’ म्हणजे जाळणं. त्यावरून ‘काउस्तोस’, म्हणजे जळलेलं, आणि ‘काउस्तिकोस’, म्हणजे जाळू शकणारं. लॅटिनमध्ये तो ‘कॉस्टिकुस’ झाला आणि तिथून युरोपातल्या भाषांत पसरला. वैद्यांना तो फार उपयोगी पडला. चामखीळ, सडलेलं मांस, भरून न येणारी जखम यांवर ते दोन प्रकारे इलाज करत. एक तापलेल्या लोखंडाने, दुसरा विस्तवाशिवाय जाळणाऱ्या द्रव्याने. लोखंडाच्या इलाजाचं ‘कॉटरी’ हे नावही ‘काइएन’च्याच घराण्यातलं. आपण त्याला डाग देणं किंवा डागणी म्हणतो. विस्तवाशिवाय जाळणारं द्रव्य ते कॉस्टिक. सिल्व्हर नायट्रेटची कांडी चामखिळीवर फिरवत, तिला ‘ल्यूनर कॉस्टिक’ म्हणत. ल्यूनर म्हणजे चंद्राचं, कारण किमयागारांच्या हिशेबात चांदी ही चंद्राची धातू होती.

म्हणजे हा शब्द कुणाच्या जिभेवरून आधी आलेला नाही, तो वैद्याच्या पेटीतून आला. सोड्याला आणि बोलण्याला तो नंतर चिकटला. इंग्रजीत ‘जिव्हारी लागणारं, उपरोधिक’ या अर्थाने तो अठराव्या शतकात रुळला. आपल्याकडेही ‘शब्दांच्या डागण्या’ असा प्रयोग आहेच. दोन्हीकडच्या माणसांनी बोलण्याचा चटका एकाच इलाजाशी ताडून पाहिला, आणि एकमेकांना न विचारता.

या घराण्यातला आणखी एक शब्द तर तुमच्या रोजच्या हातातला आहे. ग्रीक ‘एन्काउस्तोन’ म्हणजे आत जाळून बसवलेलं. रंग मेणात मिसळून उष्णतेने पक्के बसवायची एक जुनी चित्रपद्धत होती, तिला आजही ‘एन्कॉस्टिक’ म्हणतात. रोमन सम्राट ज्या जांभळट लाल शाईने सही करत, तिला लॅटिनमध्ये ‘एन्कॉस्टुम’ हे नाव पडलं. जुन्या फ्रेंचमध्ये ते घासून घासून ‘एन्क’ झालं आणि इंग्रजीत आल्यावर ‘इंक’. म्हणजे ‘कॉस्टिक’ आणि ‘इंक’ एकाच आजीची नातवंडं. ‘होलोकॉस्ट’ही त्यातलाच : ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण, आणि संपूर्ण जाळून टाकलेली आहुती हा त्याचा मूळ अर्थ. विसाव्या शतकाने त्या शब्दावर ज्यूंच्या संहाराचं जे ओझं घातलं, त्यानंतर त्याचा मूळ अर्थ वेगळा उच्चारावा लागतो.

आता सोडा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या शेऱ्यांचं निदान मला याच ठिकाणी सापडलं.

चुनखडी हातात घेतली तर काही होत नाही. ती भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि तो कातडी भाजतो, पाण्यात टाकला तर उसळतो, वाफा सोडतो. हा चुना विरवून धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकला, की तो सोडाही जहाल होतो. तोच कॉस्टिक सोडा. शेकडो वर्षं लोकांनी यावरून सरळ हिशोब केला : चुना भट्टीत राहिला, त्याने विस्तवाचा अंश पोटात घेतला, आणि पुढे तोच अंश सोड्याला दिला. जाळतो, म्हणजे आत आग असणारच. ‘कॉस्टिक’ या नावातच ती समजूत बसलेली आहे.

स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक नावाच्या तरुण वैद्याने तराजू घेतला. १७५४ साली एडिंबरा विद्यापीठातल्या प्रबंधात आणि १७५६ साली छापलेल्या लेखात त्याने जे मांडलं त्याचं सार असं : भाजल्यावर या पदार्थांचं वजन वाढत नाही, घटतं. त्यांतून एक वायू निघून जातो. ब्लॅकने त्याला ‘स्थिर हवा’ म्हटलं, आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. हा वायू आत बांधलेला असतो तोवर पदार्थ सौम्य, तो निघून गेला की दाहक. विरलेला चुना सोड्याकडून हाच बांधलेला भाग काढून घेतो, त्याची पुन्हा खडू-चुनखडीसारखी पांढरी भुकटी होऊन तळाशी साका बसतो, आणि वर उरलेलं पाणी कातडी सोलू लागतं. भट्टीने आग घातलीच नव्हती. होतं ते काढून नेलं होतं.

आता तुमचा पहिला शेरा घ्या. ‘हा परिच्छेद तीनदा वाचला. तिन्ही वेळा त्यात काही सापडलं नाही.’ यात शिवी नाही, आवाज चढलेला नाही, शब्द साधे आहेत. तुम्हाला तो कॉस्टिक वाटत नाही याचं कारणही मला कळतं : तुम्ही त्यात वाईट असं काही घातलेलंच नाही. पण त्यातून काय काय काढलं गेलंय ते पाहा. काय सापडायला हवं होतं, ते गेलं. परिच्छेद कुठे कमी पडतो, ते गेलं. काढायचा, की हलवायचा, की वाढवायचा, तेही गेलं. एवढं सगळं गेल्यावर मागे उरली ती तुमची दमणूक आणि लेखकाचं अपुरेपण. तुम्ही तीनदा वाचलंत ही खरं तर केवढी मोठी गोष्ट! नव्या लेखकाचा परिच्छेद कोण तीनदा वाचतं? पण वाक्याची रचना अशी झाली की ते कष्टही त्याच्यावर आरोप होऊन उभे राहिले.

आता गेलेलं परत घालू. ‘हा परिच्छेद तीनदा वाचला. यातला मुद्दा मागच्या पानावर, दुसऱ्या परिच्छेदात येऊन गेला आहे, आणि तिथे तो जास्त चांगला उतरला आहे. इथे नवीन काही सांगायचं असेल तर ते एका वाक्यात वर आणा. नसेल तर हा परिच्छेद काढला तरी प्रकरण तुटत नाही.’ निकाल तोच आहे. परिच्छेद नापास तो नापासच. एक अक्षरही गोड केलेलं नाही. तरी हे वाचून लेखक लगेच कामाला लागेल.

‘पुन्हा तेच!’ या दुसऱ्या शेऱ्यात निदान एक माहिती आहे : चूक आधी दाखवली होती. पण कोणती, कुठे, ते नाही, आणि उद्गारचिन्ह आहे. ते चिन्ह पुसा, पान क्रमांक लिहा, शेरा नीट होईल. तिसऱ्या शेऱ्याला हात लावू नका. ‘मागच्या पानावर १८५६ आहे, इथे १८६५’ ही शेऱ्याची उत्तम जात आहे. चूक कुठली, पुरावा कुठे, दोन्ही एकाच ओळीत. हा शेरा कोरडा आहे, पण कोरडं म्हणजे कॉस्टिक नव्हे. वरिष्ठांच्या मनात अशा शेऱ्यांचीही गणती असेल, तर तिथे तुम्ही आपली बाजू ठामपणे मांडा.

तुमचा पुढचा प्रश्न बोचरं, उपरोधिक आणि कॉस्टिक एकच का, हा. नाही. या शब्दांची मुळं बघितली की प्रत्येकाची इजा करायची तऱ्हा वेगळी दिसते. ‘कोरोसिव्ह’, म्हणजे क्षरणकारी, यात लॅटिन ‘रोदेरे’ आहे, म्हणजे कुरतडणं. उंदरांच्या वर्गाला ‘रोडंट’ म्हणतात तेही यावरूनच. ‘मॉर्डन्ट’, म्हणजे बोचरं, यात ‘मोर्देरे’ आहे, म्हणजे चावणं. रंगाऱ्यांच्या कामात सुतावर रंग धरून ठेवणाऱ्या तुरटीसारख्या पदार्थाला हेच नाव आहे, कारण तो धाग्याला चावून धरतो अशी कल्पना होती. आपण त्याला रंगबंधक म्हणतो, म्हणजे चावा सोडून बांधणं उचललं. पश्चात्तापासाठीचा इंग्रजी ‘रिमॉर्स’ही याच क्रियापदातला : पुन्हा पुन्हा चावणारं. ‘मला ते खात राहतं’ असं आपण म्हणतो, ते दुसरं काय आहे? ‘सार्कॅझम’, म्हणजे उपरोध, तर ग्रीक ‘सार्क्स’वरून, म्हणजे मांस. ‘सार्काझेइन’ म्हणजे मांसाचे लचके तोडणं. ‘अ‍ॅसिड’ बिचारं मुळात फक्त आंबट. आपलं ‘आम्ल’ही तसंच, ‘अम्ल’ म्हणजे आंबट. फारसीतून आलेलं ‘तेजाब’ मात्र थेट गुणावर बोट ठेवतं : तेज आब, तिखट पाणी. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरण्याच्या कलेला इंग्रजीत ‘एचिंग’ म्हणतात. तो शब्द डचमधून आला, आणि त्याच्या मागे जर्मन ‘एत्सेन’ आहे, म्हणजे खायला घालणं. आम्लाला धातू चारायची! जर्मनमध्ये ‘एत्सेंड’ हे विशेषण दाहक द्रव्यालाही लावतात आणि तरुण पोरं कंटाळवाण्या, नकोशा गोष्टीलाही लावतात.

जाळणं आणि चावणं यांतला फरक रसायनात अगदी ठळक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आम्ल कातडीवर पडलं की बहुधा तिथल्या तिथे प्रथिनं गोठतात, खपली धरते, आणि ती खपलीच आम्लाला खोल जायला थोडीफार आडवी येते. याला अपवाद आहेत, पण सर्वसाधारण चाल ही अशी. तीव्र अल्कलीचं, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या द्रव्याचं, उलटं. ती कातडीतल्या स्निग्धांशाचा साबण करते, प्रथिनं विरघळवते आणि वाट मोकळी करत आत आत जाते. कॉस्टिक सोड्याचं पाणी बोटांना लागलं तर आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे आपल्याच कातडीचा साबण होत असतो. दुखायला नंतर लागतं, आणि दुखू लागतं तेव्हा इजा पुढे गेलेली असते. (हाताळायची वेळ आलीच तर सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. अंगावर उडाला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचं. डोळ्यात गेला तर धूत धूत दवाखाना गाठायचा.)

लेखी शेऱ्याचं हेच होतं. समोरासमोर कुणी बोचरं बोललं तर बोचतं, आपणही काही बोलतो, विषय सरतो. समासात लिहिलेलं वाक्य लेखक रात्री पुन्हा वाचतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो. पहिल्यांदा ते ‘असेल बुवा’ म्हणून निसटतं. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत ते परिच्छेदावरून सरकून त्याच्या लिहिण्याच्या लायकीपर्यंत पोहोचलेलं असतं. तुमच्या वरिष्ठांनी ‘बोचरे’ असा सोपा शब्द न वापरता ‘कॉस्टिक’ वापरला तो हे जाणून वापरला की सहज, ते मला सांगता येणार नाही. पण शब्द अचूक पडला आहे.

मराठीत याला काय म्हणावं, असं तुम्ही उघड विचारलं नाहीत, पण शब्दकोशातल्या चार अर्थांनी तुमची अडचण केली आहे म्हणून सांगते. आपल्याकडे या बाबतीत श्रीमंती आहे आणि आपण ती ‘बोचरा’ या एकाच शब्दावर घालवतो. परखड माणूस खरं ते बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळतं. फटकळ माणूस मनात येईल ते बोलतो, त्यात डाव नसतो. खोचक बोलणाऱ्याला नेमकी जागा माहीत असते. खवचट बोलणं वाकडं असतं, कुजकट बोलण्याला जुना राग असतो. टोमण्यात तिसऱ्याच गोष्टीचं निमित्त असतं. उपरोधात शब्द एक आणि अर्थ त्याच्या उलट. झोंबतं ते बहुधा खरं असतं म्हणून झोंबतं. आणि जळजळीत हा शब्द ‘कॉस्टिक’ला मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण ‘काइएन’मधलं जाळणं त्यात जसंच्या तसं आहे. पदार्थाबद्दल लिहायचं असेल तर ‘दाहक’ ठेवा. ‘क्षरणकारी’ हा गंज, आम्लं, अल्कली अशा सगळ्या झिजवणाऱ्यांसाठी मोठा शब्द आहे. तो कोरोसिव्हला द्यावा, कॉस्टिकला देऊ नये. कॉस्टिक हे सहसा तीव्र अल्कलीपुरतंच म्हणतात.

संस्कृत ‘क्षार’ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सुश्रुतसंहितेत क्षारावर एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात सुरुवातीलाच व्युत्पत्ती दिली आहे : ‘क्षरणात् क्षणनाद् वा क्षारः’. जो झरवतो, गाळून पाडतो, किंवा जो इजा करतो, तो क्षार. ग्रीकांनी आग पाहिली, इथे झिजून गळून पडणं पाहिलं. त्या अध्यायात वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, उकळताना त्यात तापवून लाल केलेले शंख-शिंपले आणि चुनखडीसारखे खडे घालायला सांगितलं आहे. रसायन जाणणारा माणूस इथे लगेच थबकतो. राखेतल्या सौम्य अल्कलीला भाजलेल्या चुन्याने दाहक करायची ही तीच क्रिया आहे, जिचं कारण पुढे ब्लॅकने तराजूवर दाखवलं. तिथे क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रकार केले आहेत, आणि रोग पाहून वापरायला सांगितलं आहे. काम झाल्यावर तो आंबट द्रव्याने शमवायचा. तसं का शमतं हा प्रश्नही ग्रंथात स्वतःच उपस्थित करून त्याचं उत्तर दिलेलं आहे. हाच क्षार बोलीत ‘खार’ झाला, खारट झाला. आणि ‘जखमेवर मीठ चोळणं’ याला संस्कृतात ‘क्षते क्षारः’ म्हणतात.

राहिला कौतुकाचा प्रश्न. इंग्रजी परीक्षणांत एखाद्याच्या ‘कॉस्टिक’ विनोदाची वाहवा होते, हे खरं. पण ती कुठे होते ते पाहा. लिहिणारा चारचौघांत लिहीत असतो, आणि ज्याच्यावर लिहितो तो बहुधा त्याच्याहून मोठा असतो, सत्तेवरचा, प्रतिष्ठेतला. तिथे जहालपणा जोखमीचा असतो, म्हणून त्याचं मोल. तुमच्या समासात दोनच माणसं आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या हातात पेन आहे. नवा लेखक उलट लिहू शकत नाही, कारण पुस्तक अडेल अशी त्याला भीती असते. तिथे तोच गुण गुण राहत नाही. तेव्हा हा शब्द शाबासकी म्हणून घेऊ नका. ताशेरा म्हणूनही पूर्ण घेऊ नका, कारण त्याच ओळीत ‘काम अचूक’ असं आहे, आणि ते तुमच्या तिसऱ्या शेऱ्यात दिसतंच आहे.

एक काळजी मात्र वाटते. असा शेरा मिळाल्यावर चांगले संपादक घाबरून गुळमुळीत होतात. ‘छान जमलं आहे, फक्त शक्य असल्यास इथे थोडा विचार व्हावा’ असली वाक्यं लिहू लागतात. लेखकाला त्यातून काहीच कळत नाही आणि पुस्तक जसंच्या तसं छापलं जातं. तुम्ही तसं केलंत तर मला फार वाईट वाटेल. तुमची नजर तीक्ष्ण आहे, ती तशीच ठेवा.

वरिष्ठांना उत्तर लांबलचक नको. व्युत्पत्ती तर त्यात नकोच, ती तुमच्या-माझ्यात राहू द्या. असं काही लिहा : ‘माझ्या शेऱ्यांबद्दल आपण लिहिलंत ते विचारात घेतलं. मागचे शेरे पुन्हा वाचले. काही ठिकाणी दोष सांगितला आहे, पण कारण आणि उपाय लिहिलेला नाही, हे मलाही दिसलं. यापुढे दोन्ही लिहीन. आपल्याला खटकलेले दोन-तीन शेरे दाखवलेत तर मला नेमकं कळेल. तथ्यांच्या चुकांवरचे शेरे थोडक्यात असतात, ते तसेच ठेवावेत असं मला वाटतं. आपलं मत कळवावं.’ शेवटच्या वाक्यावर ते काय म्हणतात ते मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. उदाहरणं मात्र मागाच. एका शब्दात माणसाचं वर्षभराचं काम मोजायचं आणि एकही दाखला द्यायचा नाही, हीसुद्धा कारण काढून घेण्याचीच तऱ्हा झाली, आणि ती त्यांच्याकडून घडली आहे. हे असं सुनावू नका. दाखला मागितलात की पुरे.

त्या नव्या लेखकाला मात्र वरिष्ठांच्या आधी लिहा, शक्य तर आजच. माफीनामा लिहायची गरज नाही, कारण परिच्छेदाबद्दलचं तुमचं मत बदललेलं नाही आणि तो ते ताडेल. वर दिलेला दुरुस्त शेरा पाठवा आणि त्याच्यावर एवढंच लिहा : ‘या परिच्छेदावरचा माझा शेरा अपुरा होता. काय खटकलं आणि काय करता येईल, ते खाली लिहिलं आहे. पुढच्या प्रकरणाची वाट पाहते आहे.’ त्याच्या लेखनातली एखादी जागा मनापासून आवडली असेल तर तिचा पान क्रमांक द्या. नसेल आवडली तर शोधत बसू नका, उगीच स्तुती त्याला लगेच कळेल. प्रकरण आठवडाभरात आलं नाही तर फोन करा.